ट्रकातला रेडिओ: खरखर कुठून यायची?

विषय छोटा वाटेल. जुन्या पेट्रोल ट्रकमध्ये रेडिओ लावला की तो खरखरायचा. इंजिन बंद असताना गाणं स्वच्छ, इंजिन चालू केलं की टकटकटक, आणि ॲक्सिलरेटर दाबाल तशी ती टकटक दाट होत जायची. दोष अर्थातच रेडिओवर जायचा, दुकानदारानं गळ्यात मारला म्हणून. पण रेडिओ आपलं काम चोख करत होता. बोलत होता तो ट्रक.

हे अगदी शब्दशः घ्या. मार्कोनीचं सुरुवातीचं बिनतारी यंत्र काय होतं? ठिणगी पाडायची आणि तारेतून लहरी सोडायच्या. कलकत्त्यात १८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी प्रयोग दाखवला, त्यातही ठिणगीच होती. पेट्रोल इंजिनात हे सगळं सामान बसवलेलंच असतं. कॉइल, पॉइंट, डिस्ट्रिब्युटर, प्लग, आणि प्लगकडे जाणारी वायर म्हणजे आयती एरियल. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. ठिणगीचा आवाज एका जागी राहत नाही, सगळ्या बँडवर पसरतो. म्हणून स्टेशन बदलून सुटका नव्हती.

आता आपल्या भागाकडे या. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे, तिथल्या साखर कारखान्यामुळे आपण वालचंद हिराचंदांना ओळखतो. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, फार्गो गाड्या जोडल्या जायच्या, आणि सुरुवातीचे हे ट्रक पेट्रोलचे होते. शिवाय महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. त्यांना लोक डिस्पोझलच्या गाड्या म्हणायचे. त्यातल्या अमेरिकन गाड्यांच्या बॉनेटवर कधीकधी नंबरापुढे एक 'एस' असायचा. त्याचा अर्थ, हिची ठिणगी रेडिओसाठी शांत केलेली आहे. लष्कराला ते परवडणारं नव्हतं ना, शेजारच्या गाडीतला वायरलेस बहिरा झाला तर!

म्हणजे उपाय माहीत होता. अमेरिकेत गॅल्व्हिन कंपनीनं १९३० साली मोटोरोला नावाचा कार रेडिओ आणला, तेव्हापासून या खरखरीशी झुंज चालू होती. उपाय रेडिओत नव्हता, इंजिनात होता. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या जाड वायरीत साधारण १०,००० ओहमचा रेझिस्टर घालायचा. हे सांगितलं की ड्रायव्हर बिचकतो, 'करंट कमी होईल, पिकअप जाईल'. हिशोब करून बघा. ठिणगी पडेपर्यंत त्या वायरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे दाब पूर्ण चढतो. पडल्यावर वाहतो तो ३० मिलिॲम्पिअरच्या आसपास. म्हणजे रेझिस्टर खातो ३०० व्होल्ट, आणि कॉइल देते दहा-पंधरा हजार. गाडीला कळतही नाही. रेझिस्टर अडवतो तो ठिणगी पडतानाचा पहिला धक्का, आणि खरखर त्या धक्क्यातूनच निघते.

दुसरं काम कंडेन्सरचं. तो कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला लावायचा, पॉइंटकडच्या नाही. डायनॅमोलाही एक लागतो, तो मुख्य टर्मिनलवर. फील्डच्या टर्मिनलवर लावलात तर कटआउटच्या डब्यातले पॉइंट जळतील. शेवटी बॉनेट, इंजिन आणि चासी यांना तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं जोडायचं, आणि एरियलच्या बुडाखालचा रंग खरवडायचा. हा रंग खरवडायचाच लोकांना कंटाळा, आणि निम्मी खरखर तिथेच राहायची, असं माझं मत.

दोष कुठला हे ओळखायची युक्ती सोपी होती. एरियल काढल्यावर खरखर गेली तर ती हवेतून येते, राहिली तर बॅटरीच्या वायरीतून. चालत्या गाडीत चावी बंद केल्याबरोबर टकटक थांबली तर ती ठिणगी. कुईं-कुईं सूर हळूहळू उतरत गेला तर डायनॅमो.

आपल्याकडे हे जास्त का जाचायचं? आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. बारामती तिथून शंभरेक किलोमीटर, इंदापूर आणखी पुढे. आवाज जितका लांबून येणार तितका क्षीण, आणि ट्रकची ठिणगी मात्र हाताच्या अंतरावर. शॉर्ट वेव्हवरचं रेडिओ सिलोन ऐकायचं तर विचारूच नका.

पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट ट्रकच्या बाहेरची आहे. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांचे रेडिओ गट चालवले. गावानं एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, मग चर्चा. अशा बैठकीशेजारून पेट्रोलची गाडी गेली की तेवढं वाक्य गेलंच. खतानं भरलेली असो की बियाण्यानं, ती गाडी गावाचं ऐकणं बुडवायची, आणि तिच्या ड्रायव्हरला पत्ताही नसायचा. युरोपात यासाठी १९३४ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय समिती बसली होती. शेजाऱ्याच्या कानाचा प्रश्न म्हणून तिकडे त्याच्याकडे बघितलं गेलं.

आपल्याकडे प्रश्न सुटला तो समितीमुळे नाही आणि रेझिस्टरमुळेही नाही. १९५४ पासून टाटा-मर्सिडीज ट्रक येऊ लागले, डिझेलचे. डिझेलला प्लगच नाही, मग ठिणगी कुठली? पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या गाळप हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागायची ती बहुतेक डिझेलचीच. राहिला तो डायनॅमोचा सूर. आणि आज बारामतीत ९०.४ वर वसुंधरा वाहिनी लावली तर तेही नाही, कारण एफएमचा रेडिओ लहरीच्या उंचीतले चढउतार छाटून टाकतो आणि खरखर मुख्यतः त्या उंचीतच असते.

प्रश्न: माझ्या गाडीत मोबाइल चार्जर लावला की मीडियम वेव्हवर पुणे ऐकू येत नाही. हे तेच का?

त्याच जातीचं. त्या चार्जरमध्ये ठिणगी नसते, पण वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. आधी चार्जर उपटून बघा. आवाज गेला तर चोर सापडला, रेडिओ उघडू नका.