भोकाचा सू

फ्रेंच नाण्यांचे बहुतेक शौकीन सोन्याच्या वीस फ्रँककडे वळतात. माझा ओढा चिल्लरीकडे. पाच सेंटिमच्या नाण्याला तिथे बोलीत 'सू' म्हणत. शंभर सेंटिमचा एक फ्रँक. आपण 'फुटकी कवडी नाही' म्हणतो तिथे फ्रेंच माणसाच्या तोंडी सू येतो. ही नाणी स्वस्तात मिळतात, आणि पहिल्या महायुद्धाने सामान्य माणसाच्या खिशाचे काय केले ते त्यांच्या वजनावरून कळते.

1898 पासून द्युपुई यांनी घडवलेली कांस्याची नाणी चालत होती. हिशेब सरळ: एक सेंटिमचे एक ग्रॅम, पाचचे पाच, दहाचे दहा. 1903 मध्ये सरकारने पंचवीस सेंटिमचे निकेलचे नाणे काढले. त्याचा व्यास 24 मिलिमीटर, चांदीच्या फ्रँकचा 23! गफलत होणारच. पुढच्या वर्षी त्याला गोल कडेऐवजी बावीस बाजू दिल्या. अखेर 1913 च्या कायद्याने मधोमध भोक पाडायचे ठरले, म्हणजे अंधारातही बोटाला नाणे ओळखू येईल. (आपल्याकडचा भोकाचा पैसा 1943 चा, तोही युद्धकाळातलाच.)

कायद्याला वर्ष होते न होते तोच युद्ध पेटले. लिंदोएर यांची भोकाची नाणी मोठ्या संख्येने आली ती 1917 पासून, आणि तीही शुद्ध निकेलऐवजी तांबे-निकेलची. बाजारात मोड मिळेना. गावोगावच्या व्यापारी मंडळांनी कागदी नोटा छापल्या, ॲल्युमिनियमचे बिल्ले पाडले. 1920 मध्ये तर टपाल तिकीट धातूच्या डबीत घालून, डबीच्या पाठीवर जाहिरात छापून, ते नाणे म्हणून चालवले गेले. पाच ग्रॅमचा सू आधी तीन ग्रॅमचा झाला आणि 1920 मध्ये दोन ग्रॅमचा. संग्रहाला सुरुवात करायची तर हे तीन सू आधी मिळवा आणि एकामागून एक तळहातावर ठेवून पाहा.

त्यांच्याशेजारी ठेवावे असे चौथे नाणे ट्युनिशियाचे. देश फ्रान्सच्या ताब्यात, नाणे पॅरिसच्याच टांकसाळीतले, भोकही तसेच. एका बाजूला फ्रेंचमध्ये देशाचे नाव आणि 1918. दुसऱ्या बाजूला अरबीत बे मुहम्मद अल-नासिर यांचे नाव आणि हिजरी 1337. उर्दू वाचणाऱ्याला ही बाजू सहज लागते. फ्रान्सच्या सूवर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे तीन शब्द कोरलेले आहेत. ट्युनिशियाच्या नाण्यावर ते नाहीत, जरी तिथले हजारो सैनिक त्याच युद्धात फ्रान्ससाठी लढले होते.