स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रियापूर्व टप्पानिश्चिती

स्तनाच्या कर्करोगाची टप्पानिश्चिती म्हणजे उपचारांपूर्वी रोग शरीरात कुठवर पसरला आहे हे ठरविणे होय. गाठीचा आकार, काखेतील लसिकाग्रंथी आणि दूरच्या अवयवांतील प्रसार यांवरून पहिला ते चौथा असे टप्पे मानतात. बोलीभाषेत यालाच 'कॅन्सरची स्टेज' म्हणतात.

तपासण्या

प्रथम दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि स्तन व काख यांची सोनोग्राफी केली जाते. एमआरआय सरसकट करीत नाहीत. गाठ लहान, काख मोकळी आणि हाडदुखी, धाप यांसारखी लक्षणे नसतील, तर सर्वांगाच्या स्कॅनची सहसा गरज नसते. असा स्कॅन झाला नाही म्हणजे हेळसांड झाली, हा समज चुकीचा आहे. गाठ ५ सेंमीहून मोठी असल्यास, त्वचेवर व्रण असल्यास किंवा काखेतील ग्रंथी एकमेकींस चिकटल्या असल्यास मात्र छाती-पोटाचा सीटी स्कॅन व हाडांचा स्कॅन, अथवा या दोहोंऐवजी पेट-सीटी करतात.

पेट-सीटी

यात ग्लुकोजसदृश किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. कर्कपेशी ते अधिक शोषतात व चित्रात उजळ दिसतात. त्यातील फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने सायक्लोट्रॉनपासून दूरच्या गावी ते वेळेत पोहोचवावे लागते. भारतातील पहिले पेट-सीटी यंत्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००४ मध्ये आले. काही मिलिमीटरचा प्रसार या चित्रात निसटू शकतो. उलट, क्षयाने सुजलेल्या ग्रंथीही उजळतात. म्हणून केवळ एका उजळ ठिपक्यावरून चौथा टप्पा ठरवू नये. शक्य तेथे बायोप्सी करून खात्री करावी.

उपचारांवरील परिणाम

टाटा स्मारक रुग्णालयात २००५ ते २०१३ या काळात, निदानाच्या वेळीच दूरवर प्रसार झालेल्या ३५० स्त्रियांचा अभ्यास झाला. औषधोपचारास प्रतिसाद दिलेल्या या स्त्रियांत स्तनावरील शस्त्रक्रिया व काखेतील उपचारांमुळे आयुर्मान वाढले नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले. त्यामुळे चौथ्या टप्प्यात प्रायः औषधोपचारांवर भर देतात, आणि टप्पा चुकीचा ठरल्यास स्त्रीला निरर्थक शस्त्रक्रिया सोसावी लागते किंवा बरा होऊ शकणारा रोग असाध्य समजला जातो.

वऱ्हाडातील स्थिती

अकोल्यातील संत तुकाराम रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. अमरावती-अकोल्याचे रुग्ण नागपूर व मुंबईलाही जातात. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयास अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. रुग्णाने बायोप्सीचा अहवाल आणि स्कॅनच्या केवळ लेखी अहवालाबरोबर फिल्म अथवा सीडीही सोबत न्यावी, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ सहसा येत नाही.