काँगोचे कोबाल्ट : महासत्तांची स्पर्धा आणि खाणकामगारांचा हक्क

मोबाईल, लॅपटॉप आणि अनेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट वापरले जाते. जेट विमानांच्या इंजिनांनाही ते लागते. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी 70 टक्क्यांहून अधिक कोबाल्ट मध्य आफ्रिकेतील काँगो लोकशाही प्रजासत्ताक या एकाच देशातून येते. तरीही तेथील बहुसंख्य जनता दारिद्र्यात जगते. याचे कारण समजून घेण्यासाठी आधी इतिहास पाहावा लागतो.

लुटीचा इतिहास

1885 ते 1908 या काळात काँगो ही बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याची खासगी मालमत्ता होती. रबर आणि हस्तिदंतासाठी लोकांकडून सक्तीने काम करून घेतले गेले. पुढे 1960 पर्यंत तेथे बेल्जियमची वसाहत होती. हिरोशिमावर टाकलेल्या अणुबॉम्बसाठी लागलेले बहुतेक युरेनियम काँगोतील शिंकोलोब्वे खाणीतले होते.

30 जून 1960 रोजी देश स्वतंत्र झाला. दोन आठवड्यांच्या आतच खनिजसमृद्ध कटांगा प्रांत बेल्जियमच्या पाठबळावर फुटून निघाला. पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची 17 जानेवारी 1961 रोजी त्याच प्रांतात हत्या झाली.

आजचे स्पर्धक

2008 मध्ये चिनी कंपन्यांनी रस्ते व इतर सुविधा उभारण्याच्या बदल्यात खनिजे घेण्याचा करार केला. 2016 मध्ये टेंके फुंगुरुमे या मोठ्या खाणीतील अमेरिकी कंपनीचा हिस्सा चिनी कंपनीने विकत घेतला. जगातील बहुतांश कोबाल्टचे शुद्धीकरण आज चीनमध्येच होते.

याला उत्तर म्हणून अमेरिका व युरोपीय संघाने अंगोलातील लोबितो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाला पाठबळ दिले आहे. काँगोच्या खाणपट्ट्यातील खनिजे बंदरावर नेण्यासाठीच हा मार्ग वसाहतकाळात बांधला होता. आज गाडीचे मालक बदलत आहेत, पण मालाची दिशा तीच आहे. कच्चे खनिज बाहेर जाते आणि त्यापासून होणारी खरी कमाई बाहेरच राहते.

खाणीतील माणूस

कोल्वेझी शहराच्या परिसरात मोठ्या यांत्रिक खाणींशेजारी हजारो लोक कुदळ-फावड्याने खोदकाम करतात. अरुंद बोगदे ढासळून माणसे मरतात. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2016 मध्ये येथील बालमजुरी जगापुढे आणली. खोदणाऱ्याच्या मालाचा दर्जा आणि भाव खरेदी करणारा व्यापारीच ठरवतो.

कायद्यातील वाटा

काँगोने 2018 मध्ये खाण कायदा बदलला. त्याच वर्षी कोबाल्टला सामरिक खनिज ठरवून त्यावरील स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, 10 टक्के केले. या रकमेतील 25 टक्के प्रांताला, 15 टक्के स्थानिक संस्थांना आणि 10 टक्के भावी पिढ्यांच्या निधीला द्यायचे आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये, भाव कोसळल्यावर, सरकारने कोबाल्टची निर्यात थांबवली आणि ऑक्टोबरपासून निर्यातीचा कोटा लागू केला. पुरवठा रोखून भावावर परिणाम करता येतो, हे काँगोने दाखवून दिले. मात्र वाढलेला पैसा गावापर्यंत पोहोचतो का, हा वेगळा लढा आहे.

भारताचा संबंध

भारताने 2023 मध्ये 30 महत्त्वपूर्ण खनिजांची यादी जाहीर केली. त्यात कोबाल्ट आहे. जानेवारी 2025 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय अभियानात परदेशातील खाणी मिळवण्याचाही समावेश आहे. म्हणजे खरेदीदारांच्या रांगेत आपणही आहोत.

म्हणून कोणती महासत्ता जिंकते, एवढीच चर्चा पुरेशी नाही. असा कोणताही करार समोर आला की तरुण कार्यकर्त्यांनी चार प्रश्न विचारावेत : जमीन कोणाची गेली? ग्रामस्थांची संमती घेतली का? शुद्धीकरण कोठे होणार? आणि कायद्याने ठरवलेला वाटा कोणाच्या हाती पडला? स्वच्छ ऊर्जा खरोखर स्वच्छ आहे का, हे या उत्तरांवरून कळेल.