ई-६ घरातला घोडा आणि कर्तृत्वाचा प्रश्न

११ मे १९९७ ची घटना ‘यंत्रानं माणसाला हरवलं’ अशा एका वाक्यात सांगितली जाते. न्यूयॉर्कमध्ये विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा डीप ब्लू संगणक यांचा सहा डावांचा सामना चालला होता. पाच डावांनंतर दोघांचे अडीच-अडीच गुण होते. सहावा डाव संगणकानं पांढऱ्या मोहऱ्यांनी अवघ्या १९ खेळ्यांत जिंकला. हे खरंच. पण त्यातलं कर्तृत्व कुणाचं, एवढंच आपण आज तपासू.

कास्पारोव्हचा पिंड आक्रमक. तरी त्या दिवशी त्यानं कारो-कान हा भक्कम बचाव निवडला. यात काळा आधी उंटासमोरचं प्यादं एक घर सरकवतो आणि मग मध्यावर आव्हान देतो. घाई नाही, तटबंदी पक्की. पण सातव्या खेळीला, उंट बाहेर काढण्याऐवजी, त्यानं कडेचं प्यादं पुढे ढकलून पांढऱ्या घोड्याला हुसकावलं. घोडा मागे गेला नाही. त्यानं ई-६ घरातलं प्यादं मारलं. घोडा गेला खरा, पण तटबंदी फुटली आणि काळा राजा मधेच अडकला. पुढे एक हत्ती आणि एक उंट यांच्या बदल्यात काळ्याला वजीर द्यावा लागला.

घोडा लगेच काही न मिळवता देणं यंत्राला जमणार नाही, असा कास्पारोव्हचा हिशेब असावा, असं जाणकार मानतात. डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. गंमत अशी, की ही खेळी त्या मोजणीतून आलीच नव्हती. ती माणसांना आधीपासून माहीत होती आणि संगणकाला पुरवलेल्या प्रारंभांच्या संग्रहात त्याच्या चमूनं ती नोंदवून ठेवली होती.

आपल्याकडे तर्कसंग्रहात ज्ञानाचे दोन भेद सांगितले आहेत, स्मृती आणि अनुभव. त्या भाषेत बोलायचं तर ई-६ वरची खेळी ही स्मृती होती, आणि तीही दुसऱ्यांच्या अनुभवाची. मोजणी त्यानंतर सुरू झाली. ती अचूक होती, हे श्रेय यंत्राचं. ते नाकारायचं कारण नाही.

म्हणून आम्ही एवढंच म्हणतो: ‘संगणकानं ठरवलं’ हे वाक्य कानावर आलं, मग ते कर्जाबद्दल असो की नोकरीबद्दल, तर आधी विचारावं, यातलं मोजलेलं किती आणि कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं किती? मोजणीमागे माणूस लपू शकतो. जबाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.