बंदूक उरते, काडतूस जाते

जुनी बंदूक पाहिली की लोक आधी विचारतात, ही अजून चालते का? एखादा जाणकार असेल तर तो विचारतो, हिची काडतुसे कुठे मिळतात? हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नाचे आहे. नळीचे लोखंड आणि अक्रोडाचा कुंदा थोडी निगा राखली तर शंभर-दीडशे वर्षे सहज काढतात. पण आत जे भरायचे ते बनवणारा कारखाना बंद पडतो, सरकार त्या मापावर बंदी घालते, फौज नवे माप स्वीकारते, आणि धडधाकट बंदूक एका दिवसात निकामी होते. मग कारागीर, मालक आणि सरकार तिच्यात फेरफार करतात. शस्त्रांच्या इतिहासात आपण बंदुकांची नावे पाठ करतो आणि या फेरफारांकडे पाहतच नाही. माझ्या मते खरा दस्तऐवज तिथेच असतो.

लातूर-नांदेडच्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या परिसरात सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि साठ लाखांचा मुलूख पदरात पाडून घेतला, हे शाळेत शिकवतात. तिथे मराठ्यांच्या बाजूने तोफखाना चालवणारा इब्राहिमखान गारदी पूर्वी निजामाच्याच राज्यात फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झाला होता, हेही बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या काळच्या फौजेत कवायती पलटणीच्या चकमकीच्या बंदुका आणि बाकी पायदळाच्या तोड्याच्या बंदुका शेजारीशेजारी नांदत होत्या, याचा अर्थ काय, हे कोणी विचारत नाही. दोन्ही बंदुकांना एकच दारू आणि एकच शिसे चालत होते. सोरा, गंधक, कोळसा आणि शिशाची गोळी ओतण्याचा साचा एवढे असले की शिबंदीचे काम भागे. गोळी नळीपेक्षा थोडी लहान असली तरी चिंधीत गुंडाळून ठासता येई. बंदूक कोणाच्या कारखान्यातली आहे याच्याशी दारूगोळ्याचे काही देणेघेणे नव्हते.

नांदेडच्या तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची म्हणून जतन केलेली शस्त्रे आहेत. तलवारी, धनुष्य-बाण आणि ढालीसोबत त्यांत एक तोड्याची बंदूकही आहे. यात्रेकरू तिला श्रद्धेने पाहतात, तसेच पाहावे. अभ्यासकाने त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ही बंदूक काडतुसाच्या आधीच्या जगातली आहे. तिच्यापुरता ‘काडतूस मिळत नाही’ हा प्रश्नच उद्भवत नाही.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकाने आणला, आणि त्याची सुरुवात रिमफायरपासून होते. १८४५च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर याने खोलीत बसून नेम धरण्यासाठी एक इवलेसे काडतूस बनवले. १८५७मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्यातूनच ०.२२ मापाचे काडतूस आणले. १८६०ची हेन्री रायफल ०.४४ मापाचे रिमफायर खात असे. स्वित्झर्लंडने १८६९च्या व्हेटर्ली रायफलीसाठी साऱ्या सैन्याला १०.४ मिलिमीटरचे रिमफायर दिले. रिमफायरमध्ये ठिणगी देणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. घोड्याचा फटका त्या कडेवर बसतो, कड चेपते आणि बार होतो. स्वस्त आणि सोपी युक्ती. पण कड चेपायची तर पत्रा पातळच हवा, आणि पातळ पत्रा मोठा दाब सोसत नाही. त्यामुळे ताकदवान काडतुसे हळूहळू सेंटरफायरकडे गेली. त्यांत मसाल्याची टोपी बुडाच्या मध्यावर वेगळी बसवलेली असते आणि ती बदलून काडतूस पुन्हा भरता येते. रिमफायर एकदा उडाले की संपले.

याचा परिणाम असा की मोठ्या मापाची रिमफायर काडतुसे एकामागून एक बाजारातून गेली. ०.४४ हेन्री १९३०च्या दशकापर्यंत कशीबशी बनत होते. बंदुका मात्र राहिल्या. युरोप-अमेरिकेत या अनाथ रायफलींना सेंटरफायर काडतूस चालावे म्हणून बदलण्याची एक मोठी हौस निर्माण झाली.  मला ही हौस समजते, पटत नाही. काळ्या दारूच्या दाबाला बनवलेल्या लोखंडात आजची धूरविरहित दारू गेली तर नळी किंवा कुलूप फुटून बंदूकवाल्याचाच हात आणि डोळा जातो, हे एक. दुसरे असे की मालकाने बदललेला कुलपाचा भाग आता कारखान्याची साक्ष देत नाही, मालकाची देतो. सांगलीची की पुण्याची, कोणा सरदाराच्या शिकारखान्यातली की फौजेतली, हे ठरवायला जे धागे लागतात ते नेमके तिथेच तुटतात.

सरकारी फेरफारांची गोष्ट वेगळी, कारण ते स्वतःच इतिहास आहेत. जेकब स्नायडर याची युक्ती ब्रिटिश फौजेने १८६६मध्ये स्वीकारली. तोंडातून भरायच्या एनफिल्डची मागची बाजू कापून तिथे बाजूला उघडणारा ठोकळा बसवला की तीच बंदूक मागून भरता येते. लाखो नव्या बंदुका विकत घेण्यापेक्षा जुन्याच बदलणे स्वस्त होते. हिंदी शिपायाला मात्र १८५७नंतर एक पिढी मागची बंदूक मिळे. १८७८-८०च्या दुसऱ्या अफगाण युद्धात गोऱ्या पलटणी मार्टिनी-हेन्री घेऊन लढत असताना हिंदी पलटणींच्या हाती स्नायडर होती. १८५७च्या उठावात एनफिल्ड काडतुसावरून जे झाले त्यानंतर हा हिशोब कोणाच्या मनात होता, ते सांगायला नको. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा आहे, स्नायडरनंतर तीन वर्षांनीचा. या तारखा शेजारी ठेवून वाचण्याची सवय लावून घ्यावी.

या सगळ्यातला मला सर्वांत बोलका वाटणारा फेरफार म्हणजे ०.४१०ची पोलिसी मस्केट. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात जुन्या ०.३०३ ली-एनफिल्ड रायफलींची खाचदार नळी गुळगुळीत केली, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवला आणि त्यातून ०.३०३च्याच पितळी कवचावर बेतलेले एकेक काडतूस उडेल अशी बंदूक केली. पोलीस आणि पहारेकऱ्यांच्या हाती ती अनेक दशके होती. आतापर्यंतचे सारे फेरफार बंदूक अधिक उपयोगी पडावी म्हणून झाले. इथे उलटे. बंदूक हिसकावून घेतली गेली तरी तिचा पल्ला आणि मारा कमी राहावा, आणि फौजेच्या रायफलीसारखी ती झटपट चालू नये, हा हेतू. राज्यकर्त्याला आपल्याच पोलिसांवर किती भरवसा आहे, हे काडतुसाच्या मापातून वाचता येते.

शिकाऱ्यांच्या बाबतीतही तेच. १९०७मध्ये हिंदुस्थानात ०.४५० मापाच्या काडतुसांवर बंदी आली, कारण त्यातली गोळी मार्टिनी-हेन्रीला उपयोगी पडेल आणि सरहद्दीवरच्या टोळ्यांना पोचेल अशी धास्ती होती. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग हिंदुस्थानच्या बाजारासाठी ०.४६५ आणि ०.४७० अशी शेजारची मापे काढली. संस्थानिकांच्या वाघाच्या शिकारी त्या मापांनी झाल्या. हैदराबादचे सहावे निजाम महबूबअली खान तर वाघाच्या शिकारीसाठीच प्रसिद्ध होते. पुढे फौजी ०.३०३ सामान्य नागरिकाला देऊ नये म्हणून ०.३१५ मापाची रायफल आली. तिचे काडतूस मुळात ऑस्ट्रियन मानलिखर रायफलीचे. स्वातंत्र्यानंतर इशापूरने याच मापाच्या रायफली नागरी परवानेधारकांसाठी बनवल्या, आणि त्या आजही परवान्यावर दिसतात. एका साम्राज्याच्या भीतीने ठरवलेले माप एका लोकशाहीत टिकून आहे, यावर कोणी सविस्तर लिहायला हवे.

आता खेड्याकडे. मराठवाड्यात काडतुसी बंदूक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बारा बोअरची डबल बार येते. पण पीक राखायला शेतकऱ्याच्या हाती बहुधा ठासणीची बंदूक असे. १९५९च्या शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी तोंडातून भरायच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. नव्या जमान्यात ती मागासलेली वाटते, पण तिला लागणारे सारे गावाच्या आवाक्यातले होते. कोणत्याही दूरच्या कारखान्याचा आधार तिला लागत नाही, आणि एखाद्या मापाचे काडतूस बनणे थांबले म्हणून ती निकामी होत नाही. रानडुकरे आणि रोही उभ्या ज्वारीत शिरतात तेव्हा हा फरक समजतो. हा मुद्दा शहरी शस्त्रसंग्राहकांच्या ध्यानात येत नाही, आणि म्हणून या भागातला अभ्यास इथल्याच माणसाने करावा असे मला वाटते.

मोठ्या मापांची काडतुसे गेली तरी रिमफायर पूर्णपणे मेले नाही. ते ०.२२मध्ये टिकले, कारण तिथे पातळ कडेचा दोष आड येत नाही. सरकारी फेरफाराचे एक छान उदाहरण तिथेही आहे: जुन्या ली-एनफिल्ड रायफलींच्या नळीत ०.२२ची आतली नळी बसवून त्या सरावासाठी वापरल्या गेल्या. १९४८मध्ये एनसीसीची स्थापना झाल्यावर पुढच्या कित्येक पिढ्यांच्या मुलामुलींनी पहिला बार केला तो ‘पॉइंट टू टू’चा, आणि त्यातल्या कित्येक बंदुका मुळात ०.२२च्या नव्हत्याच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१०मध्ये म्युनिचला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवले, आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. दोघेही ज्या प्रकारात खेळले त्यात हेच ०.२२ रिमफायर वापरतात. फ्लोबेरच्या दिवाणखान्यातल्या खेळण्याचा वंश आज महाराष्ट्रात असा सुरू आहे.

अभ्यासाची साधने विखुरलेली आहेत. लातूर जिल्हा १९८२मध्ये झाला. त्याआधी हा भाग उस्मानाबादेत होता आणि १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातला १८७८चा शस्त्र कायदा वाचून इथल्या बंदुकांचा परवाना समजणार नाही. त्यासाठी हैदराबादच्या दप्तरातील उर्दू-फार्सी कागद आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी असे दोन्ही लागतात. निलंग्यात जन्मलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी फार्सी आणि मराठी या दोन्ही भाषांत वावरून काय मिळवता येते, हे आपल्याला दाखवून ठेवले आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘निजाम-पेशवे संबंध’ राजकारणासाठी वाचावे. शस्त्रांसाठी एगर्टन आणि जी. एन. पंत यांच्या वर्णनात्मक सूची उपयोगी पडतात, पण त्यांत लक्ष तलवारींवर अधिक आणि बंदुकांवर कमी. काडतुसांकडे तर जवळजवळ कोणी वळलेलेच नाही. हैदराबादचे सालारजंग, पुण्याचे केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा इथे बंदुका पाहायला मिळतात. चिठ्ठीवर बहुधा ‘जुनी बंदूक’ एवढेच असते, आणि इतकेच लिहायचे तर चिठ्ठी लावलीच कशाला, असा विचार मनात येतो.

कायद्याचे एक कलम या विषयाच्या गाभ्यालाच भिडते. १९५९च्या कायद्यात पुरातन किंवा मोडीत निघालेल्या हत्याराला सवलत आहे, पण ती दुरुस्ती करूनही बार होणार नाही अशा हत्यारापुरती. आणि बंदुकीत असे बदल करायला वा तिची दुरुस्ती करायला स्वतंत्र परवाना लागतो. म्हणजे निकामी जुन्या रायफलीला बाजारात मिळणारे काडतूस चालावे म्हणून कोणी खटपट केली, की तीच खटपट तिला सवलतीच्या बाहेर काढते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यातही येऊ शकते. आजोबांच्या माळ्यावरून काही निघाले तर आधी पोलीस ठाणे गाठावे. वारसाचा परवाना किंवा जमा करण्याची पावती, दोन्हींपैकी एक हाती येईपर्यंत ती वस्तू माळ्यावरच राहू द्यावी.

या पुस्तकातली प्रकरणे कालक्रमाने नाहीत. तोडा, चकमक, टोपी, रिमफायर, सेंटरफायर असा क्रम मी लावला असता तर वाचकाला वाटले असते की एक पद्धत आली आणि दुसरी गेली. इथे तसे झाले नाही; उदगीरच्या लढाईच्या काळातच तोडा आणि चकमक शेजारीशेजारी दिसतात. म्हणून प्रकरणे बंदुकीच्या पोटातल्या दारूगोळ्याप्रमाणे लावली आहेत. नवीन अभ्यासकाने शेवटच्या प्रकरणापासून, म्हणजे शिक्के, क्रमांक आणि परवान्यांच्या नोंदींपासून सुरुवात केली तरी हरकत नाही. परवानगी घेऊन, पोलिसांच्या किंवा संग्रहालयाच्या ताब्यातली बंदूक पाहायची असली तर नळीचे तोंड, कुलूप आणि कुंद्याच्या मानेवरचा धातूचा कडा यांची छायाचित्रे आधी घ्यावीत. इशापूरचा शिक्का, मुकुट, साल तिथेच कोरलेले असतात, आणि गंज पुसायला निघालेला उत्साही माणूस पहिला हात तिथेच फिरवतो.