८ ऑक्टोबर : एका जन्मतारखेचा विचार

भारतीय हवाई दलाचा वर्धापनदिन ८ ऑक्टोबरला असतो. २०२२ साली त्याला ९० वर्षे पुरी झाली, तेव्हाचा मुख्य सोहळा दिल्लीऐवजी चंडीगडला झाला. २०३२ साली शतक भरेल. उत्सव जरूर करावा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न आधी विचारला पाहिजे. १९३२ साली हा देश परतंत्र होता. मग परसत्तेच्या कायद्याने जन्मलेल्या दलाची ती तारीख स्वतंत्र राष्ट्राने आपली का मानावी?

पहिली गोष्ट अशी की, हे दल कोणी आपण होऊन बहाल केलेले नव्हते. सैन्यात अधिकारपदे मिळावीत, ही आपल्या लोकांची जुनी मागणी होती. तिच्या रेट्यामुळे नेमलेल्या स्कीन समितीने १९२६ च्या अहवालात विमानदलाचे दारही हिंदी तरुणांना उघडावे असे सुचविले. त्यानुसार मोजके तरुण इंग्लंडात क्रॅनवेलला शिकून आले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली तुकडी उभी राहिली. पाच वैमानिक, १९ हवाई शिपाई आणि चार दुपंखी वापिटी विमाने, एवढाच तो संसार!

दुसरी गोष्ट कटू आहे, पण ती लपविता कामा नये. या तुकडीची पहिली लढाऊ कामगिरी १९३७ साली वझिरिस्तानात, सरहद्दीवरील टोळ्यांविरुद्ध झाली. साम्राज्याला हे दल हवे होते ते अशाच कामासाठी. विमान आपल्या माणसाच्या हाती होते, पण ते कोणावर न्यायचे हे ठरविणारा दुसरा होता.

पुढे महायुद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात तौंगू येथील तळावर जपान्यांनी बाँबहल्ला केला. लगेच दुसऱ्या दिवशी करुण कृष्ण मजुमदार यांनी लायसँडर विमान घेऊन सयाममधील शत्रूच्या तळावर प्रतिहल्ला केला. लायसँडर हे मुळात टेहळणीचे, मंदगती विमान. हिंदी माणसाला नेतृत्व झेपेल काय, या शंकेला ते कृतीने दिलेले उत्तर होते.

मात्र शौर्य आणि स्वामित्व या दोन वेगळ्या गोष्टी होत. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी दिल्लीहून डाकोटा विमाने पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली आणि ते शहर वाचले. नागरी कंपन्यांची विमानेही त्या कामी जुंपली होती. तो हुकूम प्रथमच आपल्या सरकारचा होता. तरीही सरसेनापतिपदावर आणखी साडेसहा वर्षे, एकामागून एक, तीन इंग्रज अधिकारी होते. १ एप्रिल १९५४ रोजी सुब्रोतो मुखर्जी त्या पदावर आले. कराचीच्या पहिल्या पाच वैमानिकांपैकी ते एक. त्या दिवसाला बरोबर २१ वर्षे झाली होती.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. जन्म कोणाच्या घरी व्हावा हे कोणाच्याच हाती नसते. वाढावे कसे हे मात्र असते. ८ ऑक्टोबर ही तारीख सरकारी कागदाने दिली. तिला अर्थ दिला तो कराची, तौंगू आणि श्रीनगर येथील माणसांनी. वझिरिस्तानचे पान न फाडता जो हा इतिहास वाचील, त्यालाच शताब्दीचा आनंद निर्मळ मनाने घेता येईल.