'फेअरी क्वीन' : एका विक्रमी वाफेच्या इंजिनाचे जीवन व जतन

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हणून कागदपत्रे, नाणी, शिलालेख व वास्तू यांना आपल्याकडे मान्यता मिळाली आहे. यंत्रांना मात्र ती अद्याप पुरेशी मिळालेली नाही. या दृष्टीने 'फेअरी क्वीन' या वाफेच्या इंजिनाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. चालू स्थितीतील जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून 13 जानेवारी 1998 रोजी त्याची 'गिनेस बुक'मध्ये नोंद झाली. इंग्लंडच्या 'मॅलार्ड' या इंजिनाने 3 जुलै 1938 रोजी ताशी सुमारे 203 किलोमीटर वेग गाठून विक्रम केला, तो काही क्षणांत घडला. 'फेअरी क्वीन'चा विक्रम घडण्यास 143 वर्षे लागली. हा विक्रम यंत्राच्या सामर्थ्याचा नसून जतनाचा आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

निर्मिती व सेवाकाल

हे इंजिन लीड्स येथील किट्सन, थॉम्प्सन अँड ह्युइट्सन या कंपनीने 1855 मध्ये तयार केले. त्याच वर्षी ते कलकत्त्यास आले व ईस्ट इंडियन रेल्वेत त्यास 22 हा क्रमांक मिळाला. 'फेअरी क्वीन' हे नाव त्यास पुढे 1895 मध्ये देण्यात आले. सुमारे 26 टन वजन, 130 अश्वशक्ती आणि ताशी 40 किलोमीटर कमाल वेग असे त्याचे स्वरूप होते. मधल्या मोठ्या चाकांची एकच जोडी गाडी ओढीत असल्याने अवजड मालगाड्यांसाठी ते सोयीचे नव्हते. त्यामुळे हावडा ते राणीगंज या मार्गावरील हलक्या टपाल गाड्या त्याच्याकडे सोपविण्यात आल्या. 1857 च्या उठावात सैन्याची ने-आण करण्यासाठीही त्याचा उपयोग झाला. रेल्वे ही केवळ प्रवासाची सोय नव्हती, तर परकीय सत्तेचे साधनही होती, याचा हा पुरावा होय. पुढे बिहारमधील लोहमार्गाच्या बांधकामावर काम करून 1909 मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले.

जतनाचा प्रवास

निवृत्तीनंतर बहुतेक इंजिनांच्या वाट्यास भंगार येते. 'फेअरी क्वीन' मात्र 34 वर्षे हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे राहिले. 1943 मध्ये ते उत्तर प्रदेशातील चंदौसी येथील रेल्वे प्रशिक्षण विद्यालयात हलविण्यात आले. 1972 मध्ये त्यास वारशाचा दर्जा मिळाला व कालांतराने ते दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात दाखल झाले. पेरांबूर येथील कारखान्यात दुरुस्ती होऊन 18 जुलै 1997 रोजी, म्हणजे 88 वर्षांनी, ते पुन्हा मुख्य मार्गावर धावले. त्यानंतर दिल्ली ते अलवर अशी पर्यटक गाडी त्याने ओढली.

तथापि, एकदा केलेले जतन कायमचे नसते. 2011 मध्ये या इंजिनाचे अनेक भाग चोरीस गेले व त्यास पुन्हा पेरांबूरला न्यावे लागले. फेब्रुवारी 2017 मध्ये ते दिल्लीहून रेवाडीपर्यंत पुन्हा धावले. येथे एक तात्त्विक प्रश्नही उपस्थित होतो. इंजिन चालते ठेवावयाचे, तर बॉयलरचे झिजलेले भाग बदलावे लागतात व मूळ धातू कमी होत जातो. ते स्थिर ठेवले, तर मूळ धातू टिकतो. पण ते चालविणारे व दुरुस्त करणारे हात नाहीसे होतात. एकाच इंजिनाच्या बाबतीत हे दोन्ही हेतू पूर्णपणे साधत नाहीत. 1855 मधीलच 'एक्स्प्रेस' हे इंजिनही 2010 मध्ये पेरांबूरला चालू करण्यात आले. कोणते यंत्र विक्रमी ठरावे हे त्याच्या जन्मवर्षापेक्षा नंतरच्या माणसांच्या निर्णयावर अधिक अवलंबून असते, हे यावरून दिसते.

महाराष्ट्राचा संदर्भ

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही 34 किलोमीटरची भारतातील पहिली प्रवासी गाडी 'साहिब', 'सिंध' व 'सुलतान' या तीन इंजिनांनी ओढली. ही इंजिने 'फेअरी क्वीन'हून जुनी होती. परंतु आज त्यांपैकी एकही कोणत्याही संग्रहालयात नाही. पहिलेपणाचा मान महाराष्ट्राचा, पण त्याची वस्तुरूप साक्ष आपल्याजवळ नाही.

कर्जत तालुक्याच्या शेजारी असलेल्या सोलापूर जिल्ह्यातही असा वारसा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या कल्पनेतून साकारलेली बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. अडीच फुटी रुळांच्या या मार्गासाठी प्रत्येक आसावरील भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवणारी इंजिने लीड्सच्या किट्सन कारखान्यातच घडविण्यात आली. 'फेअरी क्वीन'चा व आपल्या परिसराचा हा औद्योगिक धागा एकच आहे. पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोहोचलेल्या या मार्गाचे आता ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आहे.

समारोप

'फेअरी क्वीन' टिकले, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ते मोडीत न काढण्याचा निर्णय घेतला. असा निर्णय घेण्यासाठी वस्तूचे मोल आधी नोंदविलेले असावे लागते. कुर्डुवाडीच्या कारखान्यातील जुन्या कामगारांच्या आठवणी, अवजारांची नावे, छायाचित्रे व जुन्या स्थानकांच्या खुणा यांचे संकलन महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज हाती घेता येईल. बार्शी लाइटवर आयुष्य घालविलेली पिढी वृद्ध झाली असल्याने हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.